चांद्याच्या रानांतील जुनी जीप

चंद्रपूर, मूल, आलापल्ली, अहेरी या बाजूच्या जुन्या घरांच्या परसांत कित्येकदां एक गाडी उभी असलेली दिसते. टिनाच्या पडवीखालीं, सरपणाच्या राशीला टेकून, चारहि चाकांतली हवा केव्हांच गेलेली अशी ती जीप असते. तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसतात आणि मागच्या बांकाखालीं वाळवीनें आपलें घर केलेलें असतें. कुटुंबांत वांटणीची वेळ आली, कीं शेत, घर आणि भांडींकुंडीं यांचा हिशेब एक वेळ उलगडतो; ही जीप मात्र अखेरपर्यंत अडून बसते. थोरल्याचें म्हणणें असें, कीं कबाड्यास बोलावून ती वजनावर देऊन टाकावी. धाकटा म्हणतो, ही वडिलांची आठवण. कर्ज काढूं, पण ती नवीकोरी करून घेऊं. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ही वस्तु मूळची कोण, ती या रानांत कशी आली आणि तिनें येथें काय केलें, याची चौकशी दोघांपैकीं एकानेंहि केलेली नसते. दस्तऐवज वाचून न पाहतां तो रद्दींत घालावा कीं सोनेरी चौकटींत बसवावा याचा वाद घालण्यासारखेंच हें आहे.

जीपचा जन्म युद्धाच्या गरजेंतून झाला. १९४० सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें टेहळणीसाठीं हलकी आणि चारहि चाकांना जोर मिळणारी मोटार कारखानदारांकडे मागितली, आणि पहिला नमुना उभा करण्यास अवघे ४९ दिवस दिले. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर या गांवची बँटम नांवाची लहानशी कंपनी तेवढी मुदत पाळूं शकली. पण हजारोंनीं गाड्या बांधण्याचें बळ तिच्यापाशीं नव्हतें. कल्पना तिची आणि काम दुसऱ्यांचें, असें झालें. विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून १९४१ ते १९४५ या काळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. चार सिलिंडरांचें साठ अश्वशक्तीचें इंजिन, पुढच्या व मागच्या आंसांमध्यें ८० इंचांचें अंतर, सुमारें ११०० किलो वजन, एवढाच तिचा पसारा. परंतु गिअरच्या दांडीशेजारीं आणखी दोन आंखूड दांड्या असत. एक दांडी ओढली कीं पुढचीं चाकेंहि जोर घेत. दुसरी ओढली कीं वेग निम्म्यावर येई आणि ओढ जवळजवळ दुप्पट होई. जीपचें सर्व सामर्थ्य या दोन दांड्यांत होतें. बाकीची गाडी म्हणजे बांकें ठोकलेली एक पत्र्याची पेटी होय.

आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीमुळें या गाड्या मोठ्या संख्येनें हिंदुस्थानांत आल्या आणि युद्ध संपल्यावर शिलकी माल म्हणून विकल्या गेल्या. जमीनदार, ठेकेदार, शिकारी अशा लोकांच्या हातीं जीप प्रथम पडली ती या वाटेनें. जुनी जीप दुरुस्त करून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न कांहीं एखाद्या परसापुरताच राहिलेला नाहीं. स्वतंत्र भारताच्या अगदीं आरंभींच्या गाजलेल्या प्रकरणांत तो होता. काश्मीरच्या युद्धासाठीं १९४८ सालीं लंडन येथील हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं जीपगाड्यांच्या खरेदीचा सुमारें ८० लाख रुपयांचा करार केला. त्यांतल्या १५५ गाड्या येऊन पोंचल्या, आणि त्या कामाच्या नाहींत असें आढळून आलें. संसदेंत त्यावर वर्षानुवर्षें वाद झाले. १९५५ सालीं सरकारनें प्रकरण संपल्याचें जाहीर केलें. रंग नवा असला म्हणजे गाडी नवी होत नाहीं, हें तेव्हां सरकारनें पुष्कळ पैसे मोजून शिकून घेतलें.

याच सुमारास मुंबईंत जीप जोडण्याचें काम सुरू झालें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचें पहिलें नांव ‘महिंद्र अँड महंमद’ असें होतें. भागीदार मलिक गुलाम महंमद हे फाळणीनंतर पाकिस्तानांत गेले, तेथें अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालें. १९४९ सालीं माझगांव येथें परदेशांतून आलेल्या सुट्या भागांतून जीप उभ्या राहूं लागल्या, आणि पुढें हळूहळू ते भागहि येथेंच बनूं लागले. उंच बॉनेटची ‘सीजे-३ बी’ ही जात अमेरिकेंत १९५३ सालीं निघाली आणि १९६८ सालीं बंद पडली. भारतांत मात्र ती त्यानंतर कितीतरी वर्षें बनत राहिली. विदर्भांत परसांत उभ्या असलेल्या जीपगाड्यांपैकीं बहुतेक याच घराण्यांतील होत. युद्धांतली खरी जीप ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तिच्या तोंडावरील पत्र्याच्या जाळींत बहुधा नऊ उभ्या फटी असतात, तर पुढील नागरी जीपला सात. घरांतील वृद्धांनीं ‘ही लढाईंतली’ असें शपथेवर सांगितलें तरी आधीं फटी मोजून पाहाव्या.

आतां ही गाडी चांदा जिल्ह्यांत इतकी कां रुळली तें पाहूं. वर्धा आणि वैनगंगा यांचें पाणी एकत्र होऊन प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेस भामरागडापाशीं पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. या नद्यांच्या मधला सर्व मुलूख म्हणजे साग, बांबू आणि असंख्य नाले. बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणारा लोहमार्ग १९२९ सालीं पुरा झाला खरा; परंतु आलापल्लीच्या सागापासून रूळ दूरच राहिले. लांकूड बंडीनें निघे, जड ओंडके हत्तींनीं ओढले जात, आणि अधिकाऱ्यांचा दौरा हिंवाळ्यांत घोड्यावरून व राहुट्यांतून चाले. पावसाळ्याचे चार महिने पुष्कळ गांवें जगापासून तुटलेलीं असत. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हांहि त्या बाजूची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. अशा मुलखांत साधी मोटार पहिल्याच नाल्यांत थांबते. जीप वाळूंतून वर चढे, रपट्यावरील गुडघाभर पाण्यांतून जाई आणि अडलीच तर चारपांच माणसें तिला उचलून बाजूस ठेवीत.

मालगुजारी १९५१ सालीं नष्ट झाली. गांवोगांवचीं मालगुजारी जंगलें सरकारकडे आलीं. तेव्हां हा भाग मध्यप्रदेशांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. जंगलांतील कूप लिलांवानें ठेकेदारांस मिळत, बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीस बांबू लागे, तेंदूपत्त्याचा हंगाम असे. या साऱ्या व्यवहारांत मालकाची वा मुनिमाची जीप रानांत फिरे. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकास योजना देशांत सुरू झाली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. तेव्हांपासून खेड्यांतील माणसास सरकार प्रथम दिसलें तें बहुधा जीपच्या रूपानें. हिंवतापाची फवारणी, देवीची लस, मतपेट्या, दुष्काळी कामाची हजेरी हें सर्व तिच्याच मागच्या बांकावर बसून आलें. ‘बी. डी. ओ. साहेबांची जीप’ हा शब्दप्रयोग विदर्भांतील एका सबंध पिढीच्या तोंडीं होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हां नव्या कचेऱ्यांच्या दारांतहि हेंच वाहन उभें राहिलें.

या इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि ती लपविणें योग्य नव्हे. मध्यप्रांतांत सरकारी जंगलांचे शिकारीसाठीं गट पाडलेले असत व परवाना घेऊन ते ठराविक मुदतीकरितां मिळत. पूर्वीं शिकाऱ्यास मचाणावर रात्र काढावी लागे. वाघ आला तर आला. जीप आणि तिच्यावर बसविलेला मोठा दिवा यांनीं हा खेळ संपविला. दिव्याच्या झोतांत डोळे चमकले कीं बसल्या जागेवरून बार काढावा, एवढेंच काम उरलें. चितळ, सांबर, रानगवा यांची जी हानि त्या वीसपंचवीस वर्षांत झाली तिच्यांत या गाडीचा वांटा मोठा आहे. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. वाघाच्या शिकारीस देशभर बंदी मात्र १९७० सालीं आली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाहनांतून शिकार करण्यास स्पष्ट मनाई केली. परसांतील एखाद्या जीपच्या कांचेच्या चौकटीवर अजूनहि दिव्याची लोखंडी कडी दिसते. ‘जुनी करामत’ म्हणून ती अभिमानानें दाखविणारेहि भेटतात, आणि लाजेनें कापून काढणारेहि. इतिहासाच्या दृष्टीनें ती कडी जागच्या जागीं राहावी हें बरें.

सरकारी जीपचें आयुष्य संपलें कीं तिचें निर्लेखन होई व लिलांव पुकारला जाई. ज्याच्या हातीं ती लागे तो शेतकरी, दुकानदार किंवा कंत्राटदार ती गांवच्या मिस्त्रीकडे नेई. १९७३ सालच्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धामुळें तेल कडाडलें आणि पेट्रोल पिणारें मूळ इंजिन पोसणें जड झालें. म्हणून पुष्कळांनीं तें काढून डिझेल इंजिन बसविलें. पुढें पाटे बदलले, मागचा पत्रा कापून लांब केला, कापडी टपाच्या जागीं लोखंडी टप आला. प्रत्येक फेरफारामागें कारण होतें: कोठें मुलांची संख्या, कोठें धानाचीं पोतीं, कोठें पेट्रोलचा भाव. शहाण्या मिस्त्रीनें ठोकलेला तुकडा ही देखील एक नोंदच असते, मात्र ती वाचावी लागते.

आणि येथेंच विकावी कीं सुधारावी या वादाचा खरा पेंच आहे. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षें झालेलें, व्यापारी कामाचें नसलेलें आणि मूळ स्वरूपांत जतन केलेलें वाहन या नियमांत बसतें. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला असतां कामा नये. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणें वा दुरुस्ती अशा ठराविक कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. नियम वाईट नाहीं. परंतु त्याचा परिणाम विचित्र होतो. मुंबईच्या एखाद्या बंगल्यांत चादरीखालीं झांकून ठेवलेली, कधीं चिखल न पाहिलेली जीप या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होते. आणि एटापल्लीच्या नाल्यांतून चाळीस वर्षें माणसें व धान्य वाहणारी, डिझेल इंजिनाची जीप नापास ठरते. जिनें काम केलें तिचेंच मूळ रूप गेलें. बाजारहि याच मापानें किंमत करतो. तेव्हां या भागांतील मालकानें पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही, कीं आपल्या जीपचें मोल तिच्या कोरेपणांत नाहीं. तें तिच्या चाकरींत आहे.

म्हणून ‘नवीकोरी करूं’ हा धाकट्याचा हट्ट कित्येकदां थोरल्याच्या घाईहून अधिक नुकसान करतो. शहरांतील गॅरेजवाला जुना पत्रा फेकून नवा बसवितो, डिझेल इंजिन काढून कोठलें तरी पेट्रोल इंजिन घालतो, आणि सर्वांवर लष्करी हिरवा रंग देऊन बॉनेटवर पांढरा तारा काढतो. पंचायत समितीच्या कारकुनास सेनापतीचा पोषाख घालावा तसें हें सोंग दिसतें. शिवाय तें बेकायदेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणें हा ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांस देतां येत नाहीं. तिचा खरा रंग हवा असेल तर दर्शनी फळीच्या मागें किंवा पत्र्याच्या दुमडींत नखभर खरवडून पाहावें. एकाखालीं एक दोनतीन रंग निघतात, आणि त्यांच्या क्रमांत तिचे धनी ओळीनें उभे असतात.

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. २०१७ सालापासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं त्या तटावरची झुडपें, माती आणि घाण काढण्याचें काम केलें. तट नवा बांधण्याचा खटाटोप त्यांत नव्हता. जो आहे तो दिसूं लागला, आणि मुळांनीं दगड उखडण्याचें थांबलें. जीपबाबतहि पहिलें काम गंज थांबविण्याचें आहे. सांगाडा हातोडीनें ठोकून पाहावा: खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे, बद्द आवाज आला तर आंत पोखरलेलें आहे. मागच्या पाट्यांच्या कड्या, तळपत्र्याखालच्या पन्हाळी आडपट्ट्या आणि बांकाखालच्या पेट्या येथें चिखल सांचून राहतो. पेचकसाचें टोंक तेथें दाबून पाहावें. सांगाडा शाबूत असेल तर बाकी सारें सोपें आहे, कारण महिंद्रनें ही गाडी इतकीं वर्षें बनविली कीं तिचे सुटे भाग अजूनहि मिळतात. धरून बसलेल्या इंजिनाला बॅटरी लावून झटका देण्याचा मोह टाळावा. सिलिंडरांत तेल सोडून कांहीं दिवस थांबावें आणि मग हातानें हँडल फिरवून पाहावें. मूळ पेट्रोल इंजिन असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. २०२५ सालापासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें; जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील पडदे त्यानें खराब होतात, म्हणून ते आधींच बदलावे.

सांगाडाच कुजला असेल तर भावनेच्या भरांत कर्ज काढूं नये. अशी जीप विकण्यांत कोणतेंहि पाप नाहीं. परंतु विकतांना दोन गोष्टींची खबरदारी हवी. पहिली, मालकी कागदावर बदलल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाऊं देऊं नये. नोंदणी ज्याच्या नांवें तोच कायद्यानें मालक आणि अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलेलें आहे. मालक वारला असेल तर प्रथम वारसाच्या नांवें नोंद करून घ्यावी. दुसरी गोष्ट, एकीचा सांगाडा, दुसरीचें इंजिन आणि तिसरीचे कागद अशा जोडलेल्या जीपांचा धंदा देशांत चालतो. मोडीत द्यावयाची गाडी अधिकृत मोडणी केंद्रांतच द्यावी आणि तिच्या नोंदणी रद्द झाल्याचा दाखला घ्यावा. नाहीं तर आजोबांचा क्रमांक भलत्याच गाडीवर कोठें फिरत असेल याचा पत्ता लागत नाहीं.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी चालूं राहत नाहीं. तीं सरळ मोडणी केंद्रांत जातात. म्हणजे कचेरींतून लिलांवानें गांवांत आणि गांवांतून परसांत येण्याची जी वाट होती ती आतां बंद झाली आहे. उभ्या आहेत त्या जीपगाड्या शेवटच्या. सगळ्या राखतां येणार नाहींत आणि राखूंहि नयेत. मात्र जिचा सांगाडा धड आहे, जिचे कागद घरांत आहेत आणि जिच्या फेरफारांचीं कारणें सांगणारें एखादें माणूस अद्याप हयात आहे, ती या जिल्ह्यांतच राहावी आणि आहे त्या इंजिनानिशीं चालती व्हावी, हेंच उचित होय. डिझेल इंजिनाची नोंद आर. सी. बुकांत झालेली असली, तर योग्यतेचा दाखला घेऊन व पर्यावरण कर भरून तिची साधी नोंदणी पुढें चालविण्यास वाट आहे. नोंद नसेल तर आधीं चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या परिवहन कचेरींत त्याचा खुलासा करून घ्यावा लागेल.

तें आर. सी. बुक मिस्त्रीच्या आधीं शोधावें. ट्रंकेच्या तळाशीं, विम्याच्या पावत्यांत किंवा देवघराच्या फडताळांत तें सांपडतें. पहिला मालक कोण, कोणत्या खात्यानें ती केव्हां विकली, कोणत्या बँकेचा बोजा होता, इंजिन क्रमांक केव्हां बदलला, हें सर्व त्याच्या पिवळ्या पानांवर निरनिराळ्या शाईंत लिहिलेलें असतें. त्यांतला सांगाड्याचा क्रमांक जीपच्या पुढील अंगास डाव्या दांड्यावर असलेल्या क्रमांकाशीं ताडून पाहावा. आंकडे गंजाखालीं गेलेले असतील, तर घासकागद न वापरतां रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवून सकाळीं कापडानें पुसावें.